काचेवरच्या तीन फुल्या

१

"सोयराक्का, हे काय करून ठेवलंत? नोडी, बघा इकडे! काचेला ओरखडे पाडलेत की!"

चिदंबरचा आवाज चढला तशी चामराजपुरमच्या त्या गल्लीतली दोन-चार माणसं लगेच थबकली. फुकटचा तमाशा कुणाला नको असतो? सोयराबाईंनी हातातली फिल्म वर्तमानपत्रावर पसरली, चष्मा नाकावर सारला आणि त्या गाडीकडे वळल्या. चेहरा शांत होता. ओरडणारी गिऱ्हाइकं त्यांना नवी नव्हती.

तो २०१२ चा मे महिना होता. गाड्यांच्या काचांवरची काळी फिल्म काढा, असा कोर्टाचा हुकूम निघाला आणि म्हैसुरात चौकाचौकात पोलीस शिट्ट्या फुंकू लागले. सोयराबाईंचे भाऊ नरसिंगराव यांचं सीटकव्हरांचं दुकान. तिथे आतापर्यंत सोयराबाई मशिनवर बसून सीटकव्हरं शिवत. पण महिनाभर त्यांचा मुक्काम दारातल्या गाड्यांमध्येच होता. काचेवर साबणाचं पाणी मारायचं, वर काळं प्लास्टिक चिकटवायचं, गाडी तासभर उन्हात ठेवायची आणि मग कोपऱ्यातून नखानं फिल्म उचलायची. हात घाईचा नसेल तर अख्खी फिल्म डिंकासकट सुटून येते. कोरड्या काचेला पातं लावायचं नाही, हा त्यांचा नियम होता आणि तो त्यांनी एकदाही मोडला नव्हता.

म्हणून तर चिदंबरचं बोलणं त्यांना झोंबलं.

"कुठे आहेत ओरखडे?" त्या फणकाऱ्यानं म्हणाल्या.

चिदंबरनं डाव्या बाजूच्या मागच्या काचेवरचा साबणाचा फेस कापडानं पुसला होता. खालच्या कोपऱ्यात, मागे बसलेल्या माणसाचा हात मांडीवरून सहज पोहोचेल अशा जागी, बोटभर लांबीचं काहीतरी खरवडलेलं होतं. सोयराबाई वाकल्या.

तीन फुल्या होत्या. एका रेषेत. पहिली मोठी, दुसरी लहान, तिसरी त्याहून लहान.

सोयराबाईंनी गाडीचं दार धरलं. चिदंबर अजून काहीतरी बोलत होता, पण त्यांना त्यातलं एक अक्षर ऐकू येत नव्हतं.

घरी शिवणात टाका चुकला की त्या कापडावर खडूनं अशाच तीन फुल्या करत, उतरत्या. अर्थ एकच: इथे चुकलंय, हे उसव. ही खूण त्यांनी कुठे शिकलेली नव्हती. ब्लाउजं शिवता शिवता त्यांनी आणि त्यांच्या मुलीनं खेळात ती ठरवली होती. सगळ्या जगात ती दोघींनाच ठाऊक होती.

आणि ती मुलगी, वसंता, तेरा वर्षांपूर्वी घर सोडून पळून गेली होती.

२

निदान सगळे तसं म्हणत होते.

एप्रिल ९९ मधली ती सकाळ. एकोणीस वर्षांची वसंता विठ्ठलाच्या देवळात जाते म्हणून निघाली आणि परत आली नाही. सोयराबाईंचे यजमान विठ्ठलराव संध्याकाळी घामाघूम होऊन आले. बस स्टँडवर चौकशी केली, म्हणाले. बेंगळूरच्या गाडीत कुणा मुलाबरोबर चढताना लोकांनी तिला पाहिलं होतं. मग त्यांनी देवावर हात ठेवून सांगितलं, की या घरात तिचं नाव पुन्हा निघणार नाही. आणि नाव खरंच निघालं नाही. सोयराबाईंना पळून जाण्याचं दुःख होतंच, पण त्याहून एक गोष्ट आत सलत राहिली. पोरीनं आईला एका शब्दानं सांगू नये? असं काय कमी केलं होतं मी?

आता त्या गाडीत शिरल्या आणि आतून काचेवर नख फिरवलं. नख अडकलं.

"चिदंबर, ओरडू नकोस. आधी बघ," त्या म्हणाल्या. "पात्याचा ओरखडा केसासारखा लांब असतो, हात जाईल तिकडे जातो. हे खोल आहे. आणि हा बघ, चरांत थोडा पिवळा डिंक वाळून बसलाय. डिंक चरात कधी जाईल?"

चिदंबर सॉफ्टवेअरमधला. डोकं बरं होतं त्याचं. "ओरखडा आधी असेल आणि फिल्म नंतर लागली असेल तर," तो हळूच म्हणाला.

"मग मी काय पाडले ते?"

तो ओशाळला. "सॉरी अक्का. सुम्ने, उगाच ओरडलो. पण काचेला असं कशानं कोरता येईल? खिळ्यानं नाही जमणार."

उत्तर सोयराबाईंना माहीत होतं. वसंताच्या नाकात आजीची मुगुती होती, खऱ्या हिऱ्याची चमकी. हिरा काच कापतो.

"ही फिल्म कधी लावली रे?"

"सगळ्या काचांना मी पीयूसीत, अकरावी-बारावीत असताना लावली. पण ही एक खूप आधीपासून होती. अप्पांनी एकट्या याच काचेला लावून आणली होती. ऊन लागतं म्हणायचे." चिदंबर थांबला. "गंमत म्हणजे अप्पा मागे कधी बसतच नसत."

चिदंबरचे अप्पा म्हणजे सदाशिवराव. अग्रहारात त्यांचं मोठं शिंपीकामाचं दुकान होतं आणि विठ्ठलरावांनी तिथे चाळीस वर्षं कटर मास्तर म्हणून कात्री चालवली. सदाशिवराव चार वर्षांपूर्वी वारले, दुकानही बंद झालं. ही पांढरी मारुती तेवढी उरली होती.

वसंता या गाडीत बसली होती. मागे, डावीकडे, नाकातली मुगुती काढून हातात धरून. बेंगळूरच्या बसचा इथे काय संबंध?

"चिदंबर, मला दोन दिवस दे," सोयराबाई म्हणाल्या. "काचेला हात लावू नकोस. आणि कुठली काच, काय, हे कुणाला बोलू नकोस."

३

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या अग्रहारात चिदंबरच्या आईकडे, शांताक्कांकडे गेल्या. शांताक्का जाईच्या कळ्या गुंफत ओट्यावर बसल्या होत्या. गाडीचं नाव काढताच त्यांचा दोरा थांबला.

"ती काच? चिदंबर म्हणत होता काहीतरी. अगं, नवी बसवून टाका आणि मोकळे व्हा. मेल्या माणसाच्या गाडीचं काय उकरायचं?"

"मी कुठे उकरतेय? सहज विचारलं. त्या वर्षी एप्रिलमध्ये गाडी कुठे गेली होती का?"

शांताक्कांनी त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. "त्याच दिवसाचं विचारतेस ना? तुझ्या घरी ते झालं त्या दिवसाचं?"

सोयराबाईंनी मान हलवली.

"माझ्या लक्षात आहे ते तेवढ्यासाठीच. सकाळी सकाळी गाडी अरसीकेरेकडे गेली. गिऱ्हाइकाचं काम आहे, म्हणाले हे. मी दहीभाताचे डबे दिले. तिघांचे. ड्रायव्हर नागराज आणि दोघं, असं मी धरलं. संध्याकाळी गाडी आली आणि मागून तुझी बातमी आली. आम्ही जेवलोच नाही त्या रात्री."

"दुसरं कोण होतं?"

"गोत्तिल्ला बाई, मला काय ठाऊक! गिऱ्हाईक म्हणाले, मी मान डोलावली. आमच्या वेळी कोण विचारायचं?" त्यांनी पुन्हा कळी उचलली. "एवढं आठवतं, की तीनपैकी एक डबा तसाच परत आला. झाकणसुद्धा उघडलं नव्हतं. मला राग आला होता. पहाटे उठून केलेला भात, आणि कुणी शिवला नाही."

वसंताला दहीभात जिवापाड आवडायचा. एरवी ती दुसऱ्याचाही डबा संपवायची.

सोयराबाई उठल्या. शांताक्कांनी मागून हाक मारली. "सोयरा, माझा नवरा गेलाय. त्याचं नाव खराब होईल असं काही काढू नकोस, बघ."

म्हणजे शांताक्कांनाही काहीतरी वास आलेला होता. किती वर्षांपासून, कोण जाणे.

४

नागराज आता रिक्षा चालवत होता. अग्रहार सर्कलपाशी तो रिक्षात पाय वर घेऊन पेपर वाचत बसला होता. सोयराबाईंना पाहून तो हसला, पण गाडीचं ऐकताच हसू मावळलं.

"त्या दिवशी मी रजेवर होतो, अक्का. साहेबांनीच सांगितलं, आज येऊ नको. चामुंडीची शपथ."

"मग गाडी कुणी चालवली?"

"साहेबांनी. त्यांना येत होतं की चालवायला."

"आणि शांताक्का म्हणतात तू होतास."

"त्यांनी पाहिलं का मला?" नागराज चिडला. "तेरा वर्षांनी हे का विचारता? काय झालं?"

सोयराबाईंनी जरा विचार केला आणि मुद्दाम खोटं सांगितलं. "त्या गाडीच्या उजव्या काचेवर ओरखडे निघालेत."

नागराजच्या कपाळावर आठी पडली. "उजवी? डावी म्हणा. डावीकडची मागची ना?"

बोलून गेल्यावर त्याला कळलं. त्यानं पेपर सीटखाली कोंबला, किक मारली आणि "बिडी अक्का, सोडा तो विषय," असं म्हणून तो गर्दीत घुसला. सोयराबाई सर्कलवर उन्हात उभ्या राहिल्या. आसपास लोक भाजी घेत होते, बसला हात करत होते, आणि त्यांच्या कानात एकच वाक्य फिरत होतं. डावीकडची मागची ना?

संध्याकाळी घरी विठ्ठलरावांना जेवायला वाढताना त्यांना गप्प राहवेना. वसंताचं नाव घ्यायची तर सोय नव्हती. एवढंच म्हणाल्या, "सदाशिवरावांच्या गाडीच्या काचेवर जुने ओरखडे निघालेत. चिदंबरनं माझ्यावर आळ घेतला होता. उद्या ती काच पोलिसांना दाखवणार आहे मी."

"पोलिसांना?" विठ्ठलरावांचा घास हातात राहिला. "ओरखड्याला पोलीस कशाला? सोड की."

"माझ्या हातावर आळ आलाय."

विठ्ठलराव ताटातलं संपवून उठले.

५

सकाळी साडेसातला फोन वाजला. चिदंबरच होता.

"अक्का, गाडीची काच फोडली कुणीतरी! दारात उभी होती. बाकी गाडीला धक्का नाही, फक्त तीच एक काच!"

सोयराबाई चपला कशाबशा घालून निघाल्या. विठ्ठलराव दारातच भेटले, दुधाच्या पिशव्या घेऊन येत होते. उजव्या हाताच्या बोटाला त्यांनी चिंधी गुंडाळली होती. "कात्री लागली," ते म्हणाले. सोयराबाईंचं लक्ष नव्हतं. त्या तशाच धावल्या.

अग्रहारातल्या त्या गल्लीत मागच्या सीटवर काचेचे तुकडे पडले होते, खडीसाखर सांडल्यासारखे. तीन फुल्यांचा मागमूस नव्हता. सोयराबाईंनी ओंजळभर तुकडे उचलले आणि खाली सोडून दिले. तेरा वर्षांनी पोरीचा एक शब्द मिळाला होता, आणि दोन दिवसांत तोही गेला. त्यांना मोठ्यानं रडू आलं. चिदंबर बिचारा नुसता शेजारी उभा राहिला.

"नागराज," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "त्यालाच ठाऊक होतं कुठली काच ते."

नागराज मात्र पळाला नव्हता. काच फुटल्याची बातमी त्याच्या कानावर गेली होती, आणि रिक्षा घेऊन तो स्वतःच गल्लीत आला. चेहरा उतरलेला.

"अक्का, मी नाही फोडली. काल मी घाबरलो, कारण मला वाटलं माझ्यावर येणार. मला काच का ठाऊक, ते सांगतो. रजेच्या दुसऱ्या दिवशी मी गाडी धुवायला घेतली, तर त्या दाराची काच खाली करायचा दांडा जागेवर नव्हता. डिकीत सापडला. मीच परत बसवला. आणि त्या दोन्ही मागच्या दारांची लहान मुलांची कडी लावलेली होती. आतून उघडणार नाहीत अशी. घरात लहान मूल कुठे होतं?"

चिदंबरनं गाडीच्या टपावर हात टेकला.

"साहेबांना विचारलं तर म्हणाले, तोंड बंद ठेव. ठेवलं," नागराज म्हणाला. "पण एक सांगतो. तो दांडा मोडून काढलेला नव्हता. स्क्रू नीट काढून, अस्तराच्या कापडात गुंडाळून, वर दोरा बांधून ठेवला होता. आमचे साहेब गल्ल्यावर बसणारे. त्यांच्या हाताला असला नीटनेटकेपणा नव्हता."

सोयराबाई जागच्या जागी थिजल्या. अस्तराच्या कापडात. वर दोरा.

मग त्यांना आठवलं. काच फुटली होती. फिल्म फुटली नव्हती!

६

शिंप्याच्या घरात नमुना कधी टाकत नाहीत. कुणाच्या बाहीचा, कुणाच्या कॉलरचा, कागद कापला की त्यावर नाव घालून तो गुंडाळून ठेवायचा. माणूस पुन्हा येतो, माप पुन्हा लागतं. सोयराबाईंना ही शिस्त लग्नानंतर विठ्ठलरावांनी लावली होती. आता फिल्मला बंदी आली तरी ऊन काही कोर्टाचं ऐकणार नव्हतं. लोक काचेला लावायच्या जाळ्या शिवून मागत होते. म्हणून काढलेली प्रत्येक फिल्म सोयराबाई वर्तमानपत्रावर चिकटवून, गाडीचा नंबर घालून ठेवत. तोच त्यांचा नमुना.

दुकानाच्या माळ्यावरून त्यांनी गुंडाळी काढली. पांढरी मारुती, डावी, मागची. वर्तमानपत्र पाण्यानं भिजवून हलकेच सोडवलं आणि फिल्म दाराच्या उजेडात धरली.

फुल्या होत्या. काचेच्या चरांत शिरलेला बराचसा डिंक फिल्मबरोबर उचलून आला होता आणि तीन बारीक फुल्यांचे उंचवटे होऊन वाळला होता. सोयराबाईंनी त्यांच्यावरून बोट फिरवलं. पोरीच्या गालावरून फिरवावं तसं.

"अक्का, ही फिल्म बाकीच्यांसारखी नाही," चिदंबर म्हणाला. तो त्यांच्या मागोमाग आला होता. "बाकीच्यांच्या कडा पात्यानं कापलेल्या, सरळ. हिच्या जरा नागमोडी आहेत."

खरं होतं. फिल्म लावणारा कारागीर ती काचेवरच ठेवून पात्यानं कापतो. ही आधी कापून मग लावलेली होती, कात्रीनं. लांब पात्याच्या, कपड्याच्या कात्रीनं. म्हणजे लावणारा शिंपी होता. सदाशिवरावांच्या दुकानात शिंपी सात-आठ होते. त्यातला कोण?

सोयराबाईंनी फिल्मची खालची कड बघितली, जी काचेबरोबर रबराच्या आत दडलेली असते. बरोबर मध्यावर एक खाच होती.

कापड बेतताना कटर प्रत्येक तुकड्याचा मध्य दाखवायला कडेवर कात्रीचं टोक मारतो. गळा, पाठ, बाही, काहीही असो. गाडीच्या काचेला मध्य लागत नाही. तिथे खाच मारणारा माणूस वेडाच म्हणायचा. पण हाताला सवय असली की डोकं विचारत नाही, कात्री आपोआप टोचते. आणि इतर कटर एक टोक मारतात. इथे दोन होती, एकमेकांकडे झुकलेली, मधला कण उडवून टाकणारी.

अशी दोन टोकांची खाच म्हैसुरात एकच माणूस मारत असे. सोयराबाईंनी ती पस्तीस वर्षं पाहिली होती. पोलक्यांवर, सदऱ्यांवर, वसंताच्या पहिल्या परकरावर.

"कात्री लागली," तो माणूस आज सकाळी म्हणाला होता. चाळीस वर्षांत त्याला कात्री कधी लागली नव्हती.

"अक्का, काय झालं? पाणी आणू?" चिदंबर घाबरून विचारत होता.

सोयराबाईंनी फिल्म गुंडाळली. "नको. मी घरी जाते."

७

विठ्ठलराव खुर्चीत बसून पेपर वाचत होते. सोयराबाईंनी त्यांच्यासमोर टेबलावर फिल्म पसरली आणि खाचेवर बोट ठेवलं.

त्यांनी चष्मा सारखा केला. पाहिलं. मग चष्मा काढून ठेवला. आरडाओरडा नाही, नाकबूल करणं नाही. सोयराबाईंना वाटलं होतं, ते निदान चिडतील तरी.

"कुठे आहे माझी पोर?" त्यांनी विचारलं. "जिवंत आहे का?"

"आहे," विठ्ठलराव म्हणाले. "असावी."

सोयराबाईंनी स्टूल ओढलं आणि त्या समोर बसल्या.

हकीकत लहानशी होती आणि तितकीच भयंकर. राणेबेन्नूरला सदाशिवरावांचा मामेभाऊ होता, दोन मुलांचा बाप, विधुर. त्याचं स्थळ वसंताला आलं होतं आणि सोयराबाईंनी तोंडावर नाही म्हटलं होतं. पण विठ्ठलराव मालकाला शब्द देऊन बसले होते. बायकोमुळे शब्द फिरवला असं दुकानात कसं सांगायचं? मग दोघांनी मिळून ठरवलं. वसंताला देवळाच्या वाटेवर गाडीत घेतलं आणि सांगितलं, की आई पुढे गेली आहे, तिचीही संमती आहे. मागची दारं आतून उघडत नव्हती, काच उतरत नव्हती.

"पोर ओरडली?"

"नाही. एक शब्द बोलली नाही. मुकाट बसली होती मागे." विठ्ठलराव टेबलाकडे बघत होते. "वाटेत अरसीकेरेला डबे खायला थांबलो. तोंड धुते म्हणाली, म्हणून मी दार उघडलं. स्टेशनवर आगगाडी उभी होती. ती धावली, ती दिसेनाशीच झाली. परत आल्यावर काच दिसली. मालक म्हणाले, हे झाक. मी फिल्म लावली. त्या खुणेचा अर्थ मला तेव्हाही कळला नाही, आजही नाही. पण ते तिनं केलंय एवढं कळत होतं."

"आणि तुम्ही मला बस स्टँडची गोष्ट सांगितलीत."

"लाज वाटली गं."

"असावी म्हणालात. जिवंत आहे हे कशावरून?"

विठ्ठलराव उठले. जुन्या मशिनच्या खणात खाली, कागदी नमुन्यांच्या गुंडाळ्यांमध्ये, चार आंतर्देशीय पत्रं होती. कन्नडमध्ये लिहिलेली. घरचं टपाल तेव्हा सदाशिवरावांच्या दुकानाच्या पत्त्यावर यायचं. चारही पत्रं सोयराबाईंच्या नावानं होती आणि चारही फोडलेली होती. शेवटचं दोन हजार चारचं, दावणगेरेहून. आई, तुला त्यांनी विचारलं नव्हतं हे मला ठाऊक आहे. मी गाडीत खूण केली होती, तू पाहिली असशील. एकदा ये, असं प्रत्येकात होतं.

"या चारांना उत्तर?" सोयराबाईंनी विचारलं.

विठ्ठलरावांनी चष्मा पुसायला घेतला.

"उत्तर लिहिलंत?"

"शेवटच्याला," ते म्हणाले. "तुझ्या नावानं. तू माझ्यासाठी मेलीस, पुन्हा लिहू नकोस, असं." ते घाईनं पुढे म्हणाले, "घरची अब्रू होती, सोयरा. सगळं निवलं होतं. पुन्हा कशाला..."

सोयराबाई त्या माणसाकडे बघत राहिल्या. याच्या ताटात त्यांनी तेरा वर्षं दोन वेळा वाढलं होतं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पण त्यांना त्याची दया आली नाही. दया न आल्याचं त्यांना वाईटही वाटलं नाही.

"नमुना टाकायचा नसतो, म्हणून ठेवलीत ना पत्रं?" त्या म्हणाल्या. त्यांनी पत्रं पदरात घेतली, फिल्म घेतली आणि स्वयंपाकघरात जाऊन तांदूळ धुवायला घेतले. विठ्ठलरावांना वाटलं, चला, निवली. ते पुन्हा खुर्चीत बसले.

तासाभरानं सोयराबाई हातात पिशवी घेऊन बाहेर आल्या. "तीन फुल्यांचं तुम्हाला सांगायचं राहिलं होतं," त्या म्हणाल्या. "अर्थ सांगते. इथे चुकलंय, उसव." आणि बाहेरून कडी न लावता, दार उघडंच टाकून त्या निघाल्या.

८

आठ वर्षांपूर्वीचा पत्ता. तिथे वसंता असेलच कशावरून? बसमध्ये सोयराबाईंच्या मनात दुसरं काहीच नव्हतं. असली तरी आपल्याला दारात उभं करील का? आईच्या नावानं आलेलं ते पत्र तिनं वाचलंय. आठ वर्षं ते खरं धरलंय.

दावणगेरेच्या मंडीपेटेत देवळामागे विचारत विचारत त्या पोहोचल्या तेव्हा सहा वाजत आले होते. एका अरुंद दुकानावर कन्नडमध्ये पाटी होती, वसंता लेडीज टेलर्स. काचेचं दार लावलेलं. आत मशिनवर एक बत्तीस वर्षांची बाई मान खाली घालून शिवत होती. नाकातल्या मुगुतीत खडा नव्हता, नुसतं सोन्याचं कोंदण.

सोयराबाईंना हाक मारवेना. त्यांनी पिशवीतून फिल्म काढली, उलगडली आणि बाहेरून दाराच्या काचेवर दोन्ही हातांनी दाबून धरली. पाठीमागून ऊन येत होतं. काळ्या फिल्ममध्ये तीन फुल्या उमटल्या.

मशीन थांबलं.

वसंता उठली. दार उघडलं. आईकडे बघितलं, फिल्मकडे बघितलं, पुन्हा आईकडे बघितलं.

"ते पत्र तू लिहिलंस?" तिनं विचारलं.

"मला त्या पत्राचं आजच कळलं."

"आणि ही खूण?"

"काच झाकली होती गं पोरी. परवा उघडली."

वसंतानं दाराची चौकट घट्ट धरली. आत बसलेली दोन गिऱ्हाइकं टकामका बघत होती. सोयराबाईंनी पिशवीत हात घातला आणि स्टीलचा डबा काढून तिच्यापुढे धरला. दहीभात होता. वर मोहरी-कढीपत्त्याची फोडणी, तिला आवडायची तशी.

"त्या दिवशीचा डबा तसाच परत आला होता म्हणे," त्या म्हणाल्या. "आता खा."